किती कमावता?

घरोघरी मोबाईल आले, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला, त्यामुळे टीव्हीवर दिसण्याचं आता कुणाला अप्रूप उरलं नाही, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. आमच्या केनवडचंच घ्या. इथला एक शेतकरी तरुण गेली काही वर्षं सोयाबीन-तुरीच्या शेतीचे व्हिडिओ करून मोबाईलवर टाकतो. कुठकुठल्या जिल्ह्यांतले हजारो लोक ते बघतात. गावात मात्र त्याचं कौतुक जेमतेम. "काय बाप्पा, दिवसभर वावरात फोटो काढत फिरते," इतपतच. पण एका मराठी वृत्तवाहिनीने त्याला थेट मुलाखतीला बोलावलं हे कळलं, आणि गावाचा सूर एका रात्रीत बदलला. एरवी धुऱ्यावरून जाताना मान वळवणारी माणसं घरी येऊन चहा पिऊन गेली. आईला कुणीतरी नवं लुगडं नेसायला सांगितलं. मुलाखत तिची नव्हतीच, पण असो.

तेव्हा टीव्हीचा दरारा अजून आहे. आणि त्यातही 'थेट'चा.

हा तरुण माझा विद्यार्थी. नाव लिहीत नाही, कारण त्याला ते नको आहे आणि मुद्द्याला त्याची गरजही नाही. मुलाखतीच्या तीन दिवस आधी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, काय बोलू म्या तिथं?" मला गंमत वाटली. हजारो लोकांशी रोज बोलणारा मुलगा चार-पाच मिनिटांच्या मुलाखतीला घाबरला होता. पण विचार केल्यावर लक्षात आलं की त्याचं घाबरणं बरोबर आहे. मोबाईलवर व्हिडिओ करताना चुकलं की पुन्हा करता येतं. नको ते वाक्य कापता येतं. टाकल्यावर पस्तावा झाला तर काढूनही टाकता येतं. या मुलांना 'पुन्हा'ची सवय असते. थेट प्रक्षेपणात 'पुन्हा' नाही. वर्गात फळ्यापुढे उभं राहून उत्तर देण्यासारखंच ते, फक्त वर्ग महाराष्ट्राएवढा.

पूर्वी टीव्हीवर येणारा माणूस बहुधा बोलण्याची सवय असलेलाच असे. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं तेव्हा त्या नव्या माध्यमासाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेतली ती आपल्या पु. ल. देशपांडे यांनी. म्हणजे विचारणारा पुलं आणि सांगणारे नेहरू! मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथेही मंत्री, कलावंत, प्राध्यापक, कृषितज्ज्ञ अशीच मंडळी. आता मात्र ज्याने आयुष्यात कधी सभेत भाषण केलं नाही त्याच्या कानात एक बोंडूक घालतात आणि "तुमच्याकडे येतोय, तयार राहा" म्हणतात. हल्ली तर स्टुडिओतही नेत नाहीत. घरीच मोबाईल आडवा धरून बसायचं. समोरचा प्रश्न कानात उशिरा येतो, आपलं उत्तर त्यांच्याकडे उशिरा जातं, त्या एक-दोन सेकंदांत दोघंही एकदम बोलू लागतात, मग दोघंही एकदम थांबतात. त्यात खेड्यातलं नेटवर्क. आमच्याकडे तर कोणत्या भिंतीपाशी उभं राहिलं की आवाज नीट जातो, हे लोकांना देवळाच्या आरतीच्या वेळेइतकं पाठ आहे.

पहिल्या थेट मुलाखतीची माझी आवडती गोष्ट लंडनची आहे. ८ मे २००६. गाय गोमा नावाचे मूळचे काँगोचे गृहस्थ बीबीसीच्या कचेरीत संगणक विभागातल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी येऊन बसले होते. त्याच वेळी गाय क्यूनी नावाचे तंत्रज्ञानावर लिहिणारे पत्रकार थेट बातम्यांत बोलायला यायचे होते. विषय होता ॲपल संगणक कंपनी आणि बीटल्स मंडळींची ॲपल कॉर्प यांच्यातला खटला, म्हणजे इंटरनेटवरच्या संगीताच्या धंद्याचा. न्यायला आलेल्या माणसाने चुकीच्या गायला नेऊन खुर्चीत बसवलं. निवेदिकेने तज्ज्ञ म्हणून ओळख करून दिली, त्या क्षणीचा गोमांचा चेहरा जगाने पाहिला. पण पुढे काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते उठून गेले नाहीत. सायबर कॅफेत कुठेही जाऊन बघा, लोक हवं ते इंटरनेटवरून उतरवून घेत आहेत आणि हे वाढतच जाणार, अशा अर्थाचं साधं, डोळ्यांनी पाहिलेलं उत्तर त्यांनी दिलं. आज बघितलं तर ते उत्तर काही चूक नव्हतं. (खरे तज्ज्ञ बाहेरच्या खोलीत बसून पडद्यावर स्वतःच्या नावाने दुसऱ्याला बोलताना बघत होते. आणि गोमांना ती नोकरी मिळाली नाही.) मी विद्यार्थ्याला ही गोष्ट सांगितली. तो पोटभर हसला, मग म्हणाला, "म्हंजे सर, जे पाह्यलं तेच बोलाचं." शिकवणीचा निम्मा भाग तिथेच उरकला.

दुसरी भीती भाषेची होती. शुद्ध बोलायचं की आपलं बोलायचं? मी मराठीचा शिक्षक. आयुष्यभर 'मले-तुले' खाली लाल रेघा मारल्या. पेपरात आजही मारीन. पण त्याला सांगितलं, की बाबा, तुझं ऐकायला लोक येतात ते तू वावरात उभा राहून आपल्या बोलीत बोलतोस म्हणून. टीव्हीवर पुण्याची भाषा उसनी घेशील तर अर्धं लक्ष क्रियापदांवर जाईल आणि सांगायचं ते राहून जाईल. खोडकिडीला खोडकिडीच म्हण. एवढंच कर, की घाईत बोलू नकोस आणि वाक्य संपलं की थांब. आम्ही भिंतीवरचं घड्याळ समोर ठेवून तीस-तीस सेकंदांची उत्तरं घोकली... घोकली म्हणजे पाठ केली नाहीत, तेवढ्या वेळात किती मावतं त्याचा अंदाज घेतला. फारच कमी मावतं. तुम्हीही एकदा करून पाहा.

खरा प्रश्न होता, विचारतील काय? यावर माझं आधीपासून एक निरीक्षण आहे. यूट्यूब-इन्स्टाग्रामवर नाव मिळवलेल्या गावाकडच्या माणसाला टीव्हीवर बोलावलं की तीनच गोष्टी विचारतात. सुरुवात कशी झाली, गावातले लोक काय म्हणाले, आणि महिन्याला किती कमावता. तिसऱ्या प्रश्नासाठीच पहिले दोन असतात. वकिलाला, डॉक्टरला, आमदाराला थेट कार्यक्रमात कुणी त्याचं उत्पन्न विचारत नाही. शेतकऱ्याच्या पोराला विचारतात. हा असभ्यपणा आहे हे तर झालंच, पण माझा आक्षेप निराळा आहे. पैसे किती, हे विचारतात. पैसे कुणाचे, हे विचारत नाहीत. आणि या धंद्यात दुसराच प्रश्न महत्त्वाचा आहे.

फेसबुकचा मार्क झुकरबर्ग एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेतल्या सीएनबीसी वाहिनीवर आला, ती त्याची टीव्हीवरची पहिली मुलाखत मानतात. वय वर्षं १९. कंपनी सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. सुरुवातीला चार-पाचशे लोक येतील असं वाटलं होतं, आता एक लाख झालेत, असं तो सांगतो. ती चित्रफीत अजून बघायला मिळते. लाजरा, चटचट बोलणारा पोरगा. त्यानंतर २०१० साली एका परिषदेत लोकांच्या खासगी माहितीबद्दल प्रश्न आले तेव्हा व्यासपीठावर त्याला इतका घाम फुटला की अंगातलं टोपीचं जाकीट काढावं लागलं. आणि १० एप्रिल २०१८ ला तो अमेरिकन सिनेटपुढे उभा राहिला. जवळजवळ पाच तास चाललेली ती चौकशी जगाने थेट पाहिली. त्यात ऑरिन हॅच नावाच्या ८४ वर्षांच्या सिनेटरनी विचारलं, की वापरणाऱ्याकडून पैसे घेत नाही, तर धंदा चालतो कसा? क्षणभर थांबून त्याने चार शब्दांत सांगितलं: साहेब, आम्ही जाहिराती लावतो.

जगभरची तरुण मंडळी त्या म्हाताऱ्याला हसली. एवढंही ठाऊक नाही म्हणे! मी वयाने त्याच्याच बाजूचा, म्हणून म्हणत नाही, पण त्या पाच तासांतला तोच प्रश्न मला सगळ्यांत उपयोगाचा वाटला. कारण उत्तर सगळ्यांना 'माहीत' असतं आणि त्याचा अर्थ फार थोड्यांना लागलेला असतो.

आमच्या मुलाच्या उदाहरणाने सांगतो. तो वावरात उभा राहून पानांवरची कीड दाखवतो. ते बघायला माणसं जमतात. माणसं जमली की यूट्यूब त्यांना जाहिराती दाखवतं आणि जाहिरातदाराकडून पैसे घेतं. त्या पैशांतला ५५ टक्के वाटा मोठ्या व्हिडिओंबाबत करणाऱ्याला मिळतो, छोट्या 'शॉर्ट्स'चा हिशेब वेगळा आणि वाटाही कमी, ४५ टक्के. पण या वाट्याला पात्र व्हायलाच हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेल्याची नोंद लागते (शॉर्ट्सवाल्यांना नव्वद दिवसांत एक कोटी वेळा). दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे तपासायला कंपनी पोस्टाने एक आकडा पाठवते. आमच्या पोस्टमनला तो लिफाफा काय आहे हे कळेना. परदेशातून आलाय म्हणून त्याने तो सही घेऊनच दिला. पुढे शंभर डॉलर जमेपर्यंत खात्यात पैसा येत नाही. या मुलाचे पहिले शंभर डॉलर जमायला एक अख्खा हंगाम गेला होता. सोयाबीन पेरलं, काढलं, विकलं, तरी डॉलर काही शंभर होईनात.

म्हणजे आठवडी बाजारातलं दुकान बघा. माल तुमचा, ओरडणं तुमचं, गिऱ्हाईक तुमच्या आवाजाला आलेलं. पण जागा दुसऱ्याची, आणि जागेचा मालक सातासमुद्रापलीकडे. त्याने बाजाराची वाट बदलली तर तुमच्या दुकानापुढे चिटपाखरू फिरकत नाही आणि का फिरकत नाही हे विचारायला समोर माणूसही नाही. कधी तर बाजारच उठतो. ऑर्कुट आठवतं का? २००४ साली आलं, भारतात काय गाजलं, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. त्यात कुणाचं पोट नव्हतं म्हणून फार कुणी रडलं नाही. पण २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा आपल्याकडे टिकटॉक वापरणारे सुमारे २० कोटी होते. त्यांतल्या कित्येक खेड्यापाड्यांतल्या पोरापोरींनी तिथे नाव कमावलं होतं, थोडे पैसेही. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. दुकान मात्र एका संध्याकाळी गेलं.

अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. 'आपली आजी' या नावाने त्या स्वयंपाक शिकवतात. शाळेत न गेलेली बाई, नातवाच्या मदतीने मोबाईलपुढे उभी राहिली आणि लाखोंनी तिला डोक्यावर घेतलं. सगळ्या वाहिन्यांनी त्यांच्या बातम्या केल्या, आणि त्या करण्यासारख्याच होत्या. पण २०२० सालीच त्यांचा चॅनल कुणीतरी हॅक केला होता, नंतर तो परत मिळाला, याची आठवण किती जणांना आहे? मला विचाराल तर 'आजींना यशाबद्दल काय वाटतं' यापेक्षा 'चॅनल गेला ते दिवस कसे काढले आणि परत कसा मिळवला' हा प्रश्न गावोगावच्या हजार पोरांच्या उपयोगाचा आहे.

इथपर्यंत पोटाचा प्रश्न झाला. शेतीच्या व्हिडिओत त्यापुढचाही एक प्रश्न येतो.

आम्ही आकाशवाणीवर शेतीचे कार्यक्रम ऐकत वाढलो, पुढे दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' बघितलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ यायचे. ते औषधाचं शास्त्रीय नाव सांगायचे, दहा लिटर पाण्यात किती मिली ते सांगायचे. कंपनीचं नाव मात्र घ्यायचे नाहीत. तसा दंडकच होता. शेतकरी वैतागायचा, कारण ते लांबलचक नाव दुकानात सांगता यायचं नाही. आज कळतं, त्या वैतागात किती शहाणपण होतं. सांगणाऱ्याला कुणी विकत घेतलेलं नाही, एवढी तरी खात्री होती. आता व्हिडिओवाल्याला कंपन्या परस्पर पैसे देतात. जाहिरातीच्या वाट्यापेक्षा हे पैसे पुष्कळदा जास्त असतात. यात बेकायदा काही नाही. पैसे घेतलेत हे बघणाऱ्याला स्पष्ट सांगा, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ पासून आहे, केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तसंच बजावलं, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. कागदावर सगळं नीट आहे. पण साडी किंवा क्रीम फसलं तर पैसे जातात. फवारणीचं तसं नसतं.

२०१७ चा पावसाळा आम्ही विसरलेलो नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. किती औषधं एकत्र केली, कुणाच्या सांगण्यावरून केली, तोंडावर फडकं होतं का, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. गेलेली माणसं गेली. जो माणूस हजारो शेतकऱ्यांना मोबाईलवरून 'हे मारा, ते मारा' म्हणतो, त्याला थेट कार्यक्रमात बोलावल्यावर पहिला प्रश्न 'तुम्ही हे कुणाच्या पैशाने सांगता?' हा असायला नको का?

मी विद्यार्थ्याला म्हटलं, ते विचारणार नाहीत, तर तू सांग. तो म्हणाला, विचारलंच नाही तर सांगू कसं? मग त्याला मंत्र्यांची युक्ती शिकवली. मंत्री काय करतात? प्रश्नाच्या पहिल्या शब्दाला होकार देतात आणि आपल्याला हवं ते बोलतात. चांगल्या कामाला ही युक्ती वापरायला हरकत नाही.

मुलाखत झाली. संध्याकाळची वेळ होती, लाईट असायला हवी म्हणून त्याने मित्राकडून इन्व्हर्टर आणून ठेवलं होतं. आम्ही आठ-दहा जण शेजारच्या घरी टीव्हीपुढे बसलो. पाच मिनिटं म्हटले होते. मधे कुठल्याशा नेत्याची गाडी अडवल्याची ताजी बातमी आली आणि चारच मिळाली. प्रश्न ठरल्याप्रमाणे. सुरुवात कशी झाली, गावकरी काय म्हणाले. आणि मग, "प्रेक्षकांना उत्सुकता आहे, महिन्याला साधारण किती कमावता?"

तो थांबला. दोन सेकंदांचा तो उशीर नेटवर्कचा की त्याचा, ते कळलं नाही. मग म्हणाला, मागच्या महिन्यात आले ते सोयाबीनच्या बियाण्याला पुरले, त्याच्या आधीच्या महिन्यात डिझेललाही पुरले नव्हते. ठराविक असं काही नाही. आणि हे पैसे जाहिरातीचे असतात. एखाद्या कंपनीचे घेतले तर म्या व्हिडिओच्या सुरुवातीलेच सांगतो. पण माह्यं ऐकून कोणी डायरेक्ट फवारू नका, डब्यावरचा तिकोना पाहा, लाल असला त लई जहर आहे, पिवळा असला तरी जहरच आहे, हिरव्याले बी औषध समजू नका. नाका-तोंडाले बांधा आन् वाऱ्याच्या दिशेनं मारा.

सगळं वऱ्हाडीत. वीस-बावीस सेकंद. मला त्याच्या वाक्यांखाली एकही लाल रेघ मारावीशी वाटली नाही.

निवेदक म्हणाले, "खूपच छान. पण अंदाजे आकडा?"

हा 'पण' मला फार लागला. निवेदकावर माझा व्यक्तिगत राग नाही. त्याच्याही कानात कुणीतरी बोलत असतं, त्यालाही वेळ भरायचा असतो. पण विषारी औषधाचा डबा कसा वाचायचा हे एका शेतकऱ्याने शेतकऱ्यांना टीव्हीवर सांगितलं, आणि ते निवेदकाला मधला अडथळा वाटलं. मुलाने हसून "पोट भरते, सायेब" एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाखतीचा तुकडा मोबाईलवर फिरला. त्यावर मथळा 'शेतकरीपुत्राची लाखोंची कमाई'. आकडा त्याने दिलाच नव्हता. तुकड्यातून तिकोन्याचं वाक्य गाळलेलं होतं. म्हणजे 'थेट' तेवढं खरं चार मिनिटं, नंतर कात्री आलीच.

मथळ्यांची गंमत सोडून देण्यासारखी असती. पण आठवड्याभराने जवळच्या एका खेड्यातून एक बाई माझ्याकडे आल्या. मास्तर तुम्ही त्याले शिकवलं म्हणून आले, म्हणाल्या. त्यांच्या मुलाने आयटीआय अर्ध्यात सोडायचं ठरवलं होतं. त्याला कॅमेरा, लॅपटॉप आणि ड्रोन घ्यायचा होता. त्यासाठी घरची दुभती म्हैस विकायची. टीव्हीवर दाखवलं ना लाखो मिळतात म्हणून! नवरा नाही, दीड-दोन एकर कोरडवाहू. घरात रोज हातात पडणारा पैसा म्हणजे त्या म्हशीचं दूध. बाईंचा प्रश्न सरळ होता: "मास्तर, खरंच मिळते काय लाख?"

तोच प्रश्न, किती कमावता. पण निवेदकाने विचारला आणि या माउलीने विचारला, यात केवढा फरक! एकाला मथळा हवा होता, दुसरीला म्हैस विकायची की नाही ते ठरवायचं होतं. मी उत्तर देण्याच्या भानगडीत पडलो नाही. विद्यार्थ्यालाच बोलावलं. त्याने त्यांच्यापुढे मोबाईल धरला आणि महिन्यामहिन्याचे आकडे दाखवले. ते मी इथे लिहिणार नाही, ते त्याने मलाही सांगितले नसते. बाईंना वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत होते. त्यांनी एका महिन्यावर बोट ठेवून विचारलं, "याच्यात एवढेच?" तो म्हणाला, "काकू, त्या महिन्यात तापानं पडलो होतो. व्हिडिओ नाई त पैसा नाई." बाई म्हणाल्या, "म्हंजे म्हशीसारखंच. वैरण बंद, दूध बंद." मग जरा थांबून, "पन म्हैस आपली असते."

या धंद्यावर मी जे जे वाचलं त्यात इतकं नेमकं वाक्य मला आढळलं नाही.

हे सगळं लिहिताना मी त्या मुलांच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. आमच्या भागात पाऊस दगा देतो, सोयाबीनचा भाव दगा देतो, नोकऱ्यांचं तर बोलूच नका. वाशिम १९९८ साली स्वतंत्र जिल्हा झाला, आणि वीस वर्षांनी देशातल्या मागास जिल्ह्यांची यादी केली तेव्हा तिच्यात तो होताच. तिथला मुलगा मोबाईलच्या जोरावर चार पैसे आणत असेल, आणि आणताना काही खरं सांगत असेल, तर मला त्याचा अभिमानच आहे. मास्तरकीत मी जेवढ्या मुलांपुढे उभा राहिलो त्याच्या कितीतरी पट माणसं त्याच्यापुढे एका दिवसात बसतात. म्हणूनच त्याला टीव्हीवर बोलवाल तेव्हा त्याच्या धंद्याबद्दल नीट विचारा. तुमचं दुकान कुणाच्या जागेत आहे, उद्या उठवलं तर काय कराल, औषधवाल्यांचे फोन येतात का, आणि आले तर नाही म्हणायला किती जड जातं. हे प्रश्न काही कंटाळवाणे नाहीत. गावात पारावर हेच विचारतात, आणि लोक कान देऊन ऐकतात. टीव्हीवाल्यांनाच कोण जाणे का वाटतं की प्रेक्षकाला फक्त आकडा हवा असतो.

परवा त्याला दुसऱ्या एका वाहिनीवरून फोन आला होता. कार्यक्रम थेटच. या वेळी तो माझ्याकडे विचारायला आला नाही, नुसतं सांगायला आला. त्याने त्यांच्या समन्वयकाला दोन अटी घातल्या म्हणे. कमाईचा आकडा विचारायचा नाही, आणि तिकोन्याचं सांगायला एक मिनिट सलग द्यायचं, आणि ते नंतरच्या तुकड्यातून कापायचं नाही. मी म्हटलं, या तर तीन अटी झाल्या. तो म्हणाला, "सर, गणित तुमचं नव्हतं ना."

समन्वयक 'विचारून कळवतो' म्हणाले. आज अकरावा दिवस आहे.